एका वारात चारच गुण

बाहेरच्या जगात गुण म्हणजे चांगली गोष्ट. मुलांना परीक्षेत मिळतात, औषधाला येतात, सुनेत शोधले जातात. कापडाच्या त्या कारखान्यातल्या तपासणी खात्यात मात्र सगळं उलटं होतं. तिथे दोषाला गुण द्यायचे. धागा थोडासा तुटला असेल तर एक, जास्त लांबीला तुटला असेल तर दोन किंवा तीन, भोक असेल तर डोळे मिटून चार. शंभर वार कापडात चाळीसपर्यंत गुण झाले तर तागा पास, एकेचाळीस झाले की परत. नव्याने आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास विचारायचा, की गुण जास्त तर तागा वाईट कसा? मग घारबाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "इथे गुणी माणसं चालतात, गुणी कापड चालत नाही."

घारबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सत्तावीस वर्षं त्या एकाच टेबलामागे उभ्या होत्या. टेबल म्हणजे तिरकी काच, तिच्याखाली दिवे. काचेवरून कापड वरून खाली सरकत राहायचं आणि बाई त्याकडे बघत राहायच्या. दोष दिसला की पायाखालची पट्टी दाबायची, कापड थांबायचं. काठाला लाल चिठ्ठी चिकटवायची, कागदावर गुण लिहायचे, पाय उचलायचा, कापड पुढे. दुरुस्त करायचं नाही, हळहळायचं नाही. केसाएवढी गाठसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून कुणीतरी त्यांना घार म्हटलं आणि पुढे 'बाई' जोडून त्या नावाला थोडी इज्जत दिली.

आणि आता त्याच घारबाईंची नजर गेली, असं लोक म्हणू लागले होते.

झालं असं, की दोन महिन्यांत त्यांच्या हातचे दोन तागे शिवण खात्यातून परत आले. एकात हातभर लांब तुटलेला धागा, दुसऱ्यात तेलाचा डाग, आणि चिठ्ठी एकावरही नाही. पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा सुपरवायझरने त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. हा सुपरवायझर बारा वर्षांपूर्वी बाईंच्याच हाताखाली काम शिकला होता, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना तो अजूनही टेबलावरची पेन्सिल उगाच इकडेतिकडे करायचा.

"बाई, वरून विचारणा झालीय," तो म्हणाला. "दोन महिन्यांनी तुमची चाचणी घ्यावी लागेल. शंभर वारांचा तागा, चौदा दोष. दोन चुकले तरी चालतील."

"आणि तीन चुकले तर?"

"तर खाली गोदामात. लेबलं लावायचं काम हलकं असतं तसं."

बाई 'बरं' म्हणाल्या आणि टेबलापाशी परत आल्या. लेबलांचं काम हलकं असेलही, पण तिथे बघायचं काही नव्हतं. सत्तावीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी माणसं त्यांना ओळखत होती, ती गोष्ट त्या तळघरात कुणाला लागणार नव्हती. त्यांना तिथे जायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

कारण नजर गेलीच नव्हती. गेला होता तो उजवा खुबा.

चार वर्षांपूर्वी जिन्यात पाय घसरल्याचं निमित्त झालं, हाड जुळलं, पण दुखणं उठून गेलं नाही. घारबाईंचे यजमान बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांनी या दुखण्याचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. चार दिवस राहते म्हणून आल्या आणि चार वर्षं हलायचं नाव नाही. सकाळी चहाचा कप पुढे करताना ते विचारायचे, "आत्याबाई उठल्या का?" बाई म्हणायच्या, "त्या झोपल्याच कुठे होत्या?" पहिल्या वर्षी या विनोदाला दोघं हसायचे. आता विनोद नुसता चहाबरोबर यायचा आणि चहाबरोबर संपायचा.

कारखान्यात मात्र त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने एकदा कंबर धरते म्हणून तक्रार केली आणि पुढच्या सोमवारी ती गोदामात लेबलं लावत होती. ते बघून घारबाईंनी तोंडाला कुलूप घातलं. आठ तास दात आवळून उभं राहायचं, भार डाव्या पायावर घ्यायचा, चेहरा सरळ ठेवायचा. कापड डोळ्यांपुढून जात होतं, पण बाईंचं अर्धं लक्ष खुब्याशी भांडण्यात गुंतलेलं असायचं, आणि त्या भांडणात धागे निसटत होते. हे त्यांना कळत होतं. कळून काय उपयोग, दुखणं काही कळल्याने थांबत नाही.

डॉक्टरांनी खुब्याचे सगळे फोटो काढून बघितले होते. "कापण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. जणू ही आनंदाची बातमी होती. "गोळ्या वाढवता येणार नाहीत. दर मंगळवारी दुपारी आमच्याकडे दुखणाईतांसाठी ध्यानाचा वर्ग असतो. आठ आठवडे. जाऊन बघा."

ध्यान. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. ध्यान म्हणजे ज्यांना काम नाही त्यांचा उद्योग, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी घरी येऊन यजमानांना सविस्तर सांगितलं.

"जाऊन तर ये," यजमान म्हणाले. "नाहीतरी मंगळवारी तुझी सुट्टी. बसायलाच सांगतात ना? बस."

"खुर्चीत बसून खुबा बरा होत असता तर तुम्ही पस्तीस वर्षं बसून होतात, तुम्ही अमर झाला असता."

वर्ग दवाखान्याच्या मागच्या खोलीत भरायचा. दहा खुर्च्या, एक पंखा, कोपऱ्यात मोडकं वजनाचं यंत्र. शिकवणाऱ्या बाई म्हणजे निवृत्त सिस्टर. आवाज मऊ, पण बोलणं कामापुरतं. बाईंना ते जरा बरं वाटलं. गोड बोलणाऱ्या माणसांचा त्यांना आधीच कंटाळा होता.

"दुखणं जाईल असं मी सांगणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "पायाच्या बोटांपासून सुरुवात करायची आणि वर वर जायचं. प्रत्येक ठिकाणी काय आहे ते बघायचं. नुसतं बघायचं. घरी रोज वीस मिनिटं, आणि जे दिसलं ते वहीत लिहायचं."

बघायचं म्हटल्यावर घारबाई सावरून बसल्या. हे तर त्यांचंच काम.

आठवडाभर त्या रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या. भाजी चिरून ठेवलेली, गॅस बंद, यजमान बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून. आणि बाईंनी स्वतःला पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून तपासलं. काही म्हणजे काही सोडलं नाही. दुखणं होतं त्याहून वाढलं. पूर्वी खुबाच दुखायचा. आता मानही दुखते हे कळलं.

पुढच्या मंगळवारी सिस्टरांनी वह्या मागितल्या. इतरांनी दोन-चार ओळी लिहिल्या होत्या. एका आजोबांनी तर 'झोप लागली' एवढंच सात वेळा लिहिलं होतं. घारबाईंच्या वहीत मात्र पट्टीने रेघा मारलेला तक्ता होता. सिस्टरांनी चष्मा लावला आणि वाचू लागल्या. उजवा खुबा, बसताना: चार. उजवा खुबा, उठताना: चार. उजवा खुबा, जिन्यात: चार. उजवा खुबा, कुशीवर: चार. उजवा खुबा, काल शिफ्टमध्ये: चार. उजवा खुबा, उद्याच्या शिफ्टमध्ये: चार. मग कंबर तीन, मांडी तीन, खांदा तीन, गुडघा दोन, मान दोन, डावी टाच दोन, जबडा दोन. खाली दोन रेघा, आणि त्याखाली: एकूण एकेचाळीस. नापास.

"हे काय?" सिस्टरांनी विचारलं.

बाईंनी गुणांचा हिशेब समजावून सांगितला. चाळीसच्या वर गेलं की तागा परत पाठवतात, हेही सांगितलं.

"परत म्हणजे कुठे?"

"जिथनं आला तिथे."

"मग तुम्हाला कुठे पाठवायचं?"

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. एकाएकी आपल्याला रडू येणार असं त्यांना वाटलं आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. चार वर्षांत त्या कुणापुढे रडल्या नव्हत्या, आणि या मोडक्या वजनाच्या यंत्रापुढे तर मुळीच रडायच्या नव्हत्या.

सिस्टरांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "मी नुसतं बघा म्हटलं होतं. तुम्ही निकाल लावलात."

"निकाल लावायचा नसेल तर बघायचं कशाला?" घारबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

घरी यजमानांनी दार उघडतच विचारलं, "काय, गुण आला का?"

"एकेचाळीस," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन आडव्या झाल्या. यजमान ड्रायव्हरकीत एक गोष्ट शिकले होते, की कुठे हॉर्न वाजवायचा नाही. त्या संध्याकाळी स्वयंपाक त्यांनी केला. मीठ घालायला विसरले आणि बाईंनी तसंच जेवून घेतलं.

वर्ग सोडायचं बाईंनी नक्की केलं होतं. पण तिसऱ्या मंगळवारी त्या पुन्हा जाऊन बसल्या. श्रद्धा वगैरे काही नव्हती. चाचणीला पाच आठवडे उरले होते आणि दुसरं करण्यासारखं हातात काही नव्हतं, एवढंच. त्या बसायच्या, श्वास बघायच्या, खुबा बोंबलायचा, त्या परत श्वासाकडे यायच्या. कधी चिडायच्या, कधी उद्या काय आणायचं ते ठरवायच्या. वीस मिनिटं संपली की उठताना तोंडातून 'आई गं' निघायचंच. असेच आणखी दोन आठवडे गेले. रोज करून काही होत नाही आणि न करण्याचीही ताकद नाही, अशा अवस्थेत माणूस जेवढं करतो तेवढं त्या करत होत्या. वहीत त्या आता काहीच लिहीत नव्हत्या.

मग एका गुरुवारी दुपारी एक अगदीच वाईट तागा टेबलावर आला. कुठल्यातरी मागावर काहीतरी बिघडलं असणार. बाविसाव्या वारात दोषांची नुसती खिचडी झाली होती: भोक, गाठ, डाग, तुटलेले धागे, सगळं एकमेकांच्या अंगावर. बाईंनी पट्टी दाबली, चिठ्ठी लावली. शेजारच्या टेबलावर दोन आठवड्यांपूर्वीच आलेली मुलगी मान लांब करून बघत होती.

"बाई, याला किती? चार आणि चार आठ, आणि दोन दहा, आणि..."

"चार," बाई म्हणाल्या. "एका वारात कितीही दोष असले तरी गुण चारच. नाहीतर एका वाईट वारासाठी अख्खा तागा जाईल. तेवढा वार कापणारा बाजूला टाकतो, बाकीचं कापड चांगलंच असतं की."

हे वाक्य त्यांनी सत्तावीस वर्षांत पन्नास जणांना तरी सांगितलं असेल. पण या वेळी बोलून झाल्यावर त्यांचा पाय पट्टीवरच राहिला. कापड थांबलेलंच होतं. मुलीने दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी पाय उचलला.

संध्याकाळी घरी आल्या त्या चपला न काढता वही शोधायला लागल्या. स्वयंपाकघरात उभ्या राहून त्यांनी तो तक्ता पुन्हा वाचला. उजवा खुबा, उजवा खुबा, उजवा खुबा. सहा वेळा. बसताना, उठताना, कालचा, उद्याचा. खुबा एक. वार एक. नव्याने आलेल्या पोरीनेही करू नये अशी चूक घारबाईंनी केली होती, आणि तीही पट्टीने रेघा मारून.

शिवाय उद्याच्या कापडाला गुण? तो तागा अजून मागावरूनही उतरला नव्हता. त्याला त्या कुठल्या काचेवर तपासत होत्या?

त्यांनी पेन्सिल घेतली, खुब्याच्या पाच ओळी खोडल्या आणि पुन्हा बेरीज केली. एकवीस. चाळीसच्या पुष्कळ अलीकडे, पास. त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. यजमान दारात येऊन उभे राहिले.

"फार दुखतंय का गं?"

"दुखतंय तेवढंच दुखतंय," बाई म्हणाल्या. "मी उगाच सहादा मोजत होते."

यजमानांना काही कळलं नाही. पण त्यांनी बाईंच्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि चहा टाकला.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की इथून पुढे आत्याबाईंनी गाशा गुंडाळला. तसं काही झालं नाही. खुबा दुसऱ्या दिवशीही तसाच होता, त्याच्या पुढच्या दिवशीही. फरक पडला तो एवढाच, की बसल्यावर कळ आली की बाई मनात म्हणायच्या, उजवा खुबा, चार, आणि पाय उचलायच्या. म्हणजे मनातला पाय. कळ पुन्हा यायची, त्या म्हणायच्या, तोच वार, लिहिलाय, पुढे. कधी ते जमायचं. बरेचदा जमायचं नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर पूर्वी भिंत धरून आत जावं लागायचं, ते आठवड्यातून एखाद-दोन दिवस लागेनासं झालं. सिस्टरांना त्यांनी खोडलेला तक्ता दाखवला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हे मला शिकवता आलं नसतं."

चाचणी बुधवारी सकाळी होती. सुपरवायझर हातात बंद पाकीट आणि घड्याळ घेऊन टेबलाच्या बाजूला उभा राहिला. चौदा दोष कुठे आहेत ते पाकिटात होतं. खात्यातली माणसं आपापल्या टेबलाशी होती आणि सगळ्यांचे कान इकडे होते.

कापड सुटलं. करड्या रंगाचं, डोळ्यांना थकवणारं. सहाव्या वारात गाठ. अकराव्यात डाग. अठराव्यात धागा. तिसाव्या वाराच्या सुमारास खुब्यात ओळखीची कळ उठली आणि बाईंचे दात आपोआप आवळले गेले. अजून सत्तर वार आहेत, हा विचार आला. त्या सत्तर वारांचं दुखणं एकदम अंगावर आलं, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की हे पुन्हा उद्याचं कापड आहे. त्यांनी जबडा सोडला. श्वास घेतला. उजवा खुबा, चार. पुढे.

चौसष्टाव्या वाराला त्या हरवल्या. क्षणभरच, पण हरवल्या हे त्यांना कळलं. पूर्वी त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नसतं. त्यांनी पट्टी दाबली, कापड दोन वार मागे घेतलं. सुपरवायझरने घड्याळाकडे बघितलं. काठापासून वितभर आत एक धागा तुटलेला होता, जेमतेम दिसेल असा. चिठ्ठी लावली. पाय उचलला.

तागा संपला तेव्हा ठरलेल्या वेळेतली दोन मिनिटं शिल्लक होती. सुपरवायझरने पाकीट फोडलं, एकेक चिठ्ठी ताडून बघितली, निकालाच्या कागदावर सही केली आणि म्हणाला, "तेरा. ब्याण्णवाव्या वारातला फिकट पट्टा राहिला. पास, बाई. नजर आहे तशीच आहे."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी टाळी वाजवली. बाईंना आनंद झाला, पण दमलेल्या माणसाला होतो तेवढाच. शिवाय तो फिकट पट्टा राहिल्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

"अजून एक राहिलाय," त्या म्हणाल्या.

"चालतं बाई, दोनपर्यंत चालतं."

"त्यातला नाही." त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातली एक लाल चिठ्ठी सोडवली आणि स्वतःच्या एप्रनवर, उजव्या खुब्यावर, नीट दाबून चिकटवली. "इथे आहे. मोठा दोष. चार गुण. चार वर्षं झाली."

खात्यातल्या सगळ्या माना इकडे वळल्या. सुपरवायझर पेन्सिल शोधू लागला, ती त्याच्या कानावरच होती.

"चार वर्षं? आणि आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर मला टेबलावर ठेवलं असतंत?"

तो लगेच 'हो' म्हणाला असता तर बाईंचा त्याच्यावरचा विश्वास उडाला असता. तो म्हणाला, "नसतं, बहुतेक."

"म्हणून. आता निकाल तुमच्या सहीने लागलाय. मला उंच स्टूल हवंय, टेबलाच्या उंचीचं. आणि दर तासाला पाच मिनिटं. बाकी कापड चांगलं आहे."

"तपासणी उभ्यानेच करायची असा नियम आहे, बाई."

"एका वारात चारच गुण, हाही नियमच आहे. तुम्हाला कुणी शिकवला?"

सुपरवायझरने त्या लाल चिठ्ठीकडे बघितलं. मग निकालाचा कागद पुन्हा टेबलावर ठेवला आणि सहीच्या खाली काहीतरी लिहिलं. घारबाईंनी चष्मा वर करून वाचलं. 'दोषासह पास. स्टूल द्यावे.'

स्टूल यायला तीन आठवडे लागले. आलं ते कुठल्या तरी जुन्या खोलीतलं, एक पाय आखूड असलेलं. बाईंनी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि बसल्या. खुबा दुखतच होता. पण बसलेल्या माणसाचा दुखत होता.

चाचणीच्या त्या दिवशी मात्र त्या घरी पोहोचल्या तेव्हा जिना चढून जीव मेटाकुटीला आला होता. चिठ्ठी काढायला विसरल्या होत्या. एप्रन तसाच हातावर होता. यजमानांनी दार उघडलं. एप्रनवरच्या लाल चिठ्ठीकडे बघितलं, बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. पास की नापास हे विचारायचं त्यांच्या ओठांवर होतं. पण पस्तीस वर्षं गर्दीच्या रस्त्यावर काढलेल्या माणसाने हॉर्नवरचा हात जरा आखडता घेतला आणि वर्गातून आल्यावर विचारला होता तोच प्रश्न विचारला.

"गुण आला का?"

बाईंनी भिंत धरली, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "चारच."